पाच ग्रेन दारू, सोळा इंच नळी

प्रश्न : नमस्कार काका. माझा धाकटा मुलगा दोन वर्षांपासून टेक्सासात नोकरीला आहे, एच-१बी व्हिसावर. ऑफिसातले मित्र शनिवारी रेंजवर जातात, त्यांच्यासोबत यालाही गोडी लागली. आता पिस्तुलाचं काडतूस चालणारी कार्बाइन घ्यायची म्हणतो, निव्वळ निशाणेबाजीसाठी. एक मित्र ९ एमएम घे म्हणतो, दुसरा .४५, तिसरा म्हणतो .३५७ ची लिव्हरवाली, चापाजवळची दांडी ओढून दर वेळी काडतूस भरायची ती. फोनवर मला विचारत होता, मला काय कळणार त्यातलं! तुम्ही नोकरीभर हत्यारं सांभाळली, म्हणून तुम्हाला लिहितो. आणि असली एखादी आपल्याला शेतातल्या आखाड्यावर रानडुकरांसाठी ठेवता येईल का?
— एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : भाऊ, कॅलिबर, म्हणजे ते नळीच्या रुंदीचे आकडे (९ एमएम मिलिमीटरांत, .४५ आणि .३५७ इंचांत), राहू द्या बाजूला, आधी लेकराच्या व्हिसाचं बोलू. अमेरिकेत बंदूक सहज मिळते हे खरं, पण तिथल्या केंद्रीय कायद्यात एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. विकत घेतलेलीच नाही, रेंजवर भाड्यानं हातात घेतलेली बंदूकसुद्धा ‘ताबा’ धरली जाते. यातून सुटायच्या ज्या थोड्या वाटा आहेत, त्यातली सर्वसामान्य माणसाला जमणारी म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. प्रत्यक्ष शिकार करायची नसली तरी तो लागतोच. टेक्सासात तो काढायचा तर २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारी प्रशिक्षणाची अट आहे, आणि परवान्याचं वर्ष ३१ ऑगस्टला संपतं. म्हणजे ऑगस्टात चालू असलेला परवाना १ सप्टेंबरला कागदाचा कपटा होतो, आणि घरातली बंदूक त्याच दिवशी गुन्हा ठरते. मित्र ग्रीन कार्डवाले असतील, त्यांना हा नियम लागू नाही, म्हणून त्यांच्या बोलण्यात तो येणारच नाही. तुमच्या मुलानं एकही पैसा खर्च करण्याआधी तिथल्या इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. नोकरी, व्हिसा, सगळं त्या एका चुकीवर जाऊ शकतं. हे मी तुम्हाला कळकळीनं सांगतो.

आता कागद नीट झाले असं धरून पुढे जाऊ.

कार्बाइनमध्ये पिस्तुलाचंच काडतूस असतं, फक्त नळी लांब. तिथल्या १९३४ च्या कायद्यानं रायफलीची नळी सोळा इंचांहून आखूड असली तर वेगळी नोंदणी लागते, म्हणून दुकानातली बहुतेक कार्बाइन सोळा इंचांची किंवा त्याहून किंचित मोठी मिळेल. लोकांना वाटतं, नळी लांब म्हणजे गोळीचा वेग भरमसाट वाढणार. तसं होत नाही, आणि तिन्ही मित्रांच्या भांडणाचं उत्तर इथंच आहे.

९ एमएमच्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्यात, पाच-सहा ग्रेन बंदुकीची दारू असते, म्हणजे ग्रॅमच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. ती झटकन जळणारी, कारण मूळ काडतूस चार इंची नळीसाठी केलेलं. ११५ ग्रेनची, म्हणजे साडेसात ग्रॅमची गोळी पिस्तुलातून सेकंदाला साधारण ३५० मीटरनं निघते, सोळा इंची नळीतून ४०० च्या जवळपास. .४५ च्या पुंगळीतही दारू जवळपास तेवढीच, पण दाब ९ एमएमपेक्षा बराच कमी धरलेला, आणि नळी ११.४३ मिलिमीटर रुंद. हिशोब करून पाहा, त्याच लांबीच्या नळीत .४५ ला दीडपटीहून जास्त पोकळी भरावी लागते. तेवढाच वायू, जागा मोठी. दाब लवकर उतरतो आणि पुढचे इंच गोळीला फारसं काही देत नाहीत. .४५ ची पंधरा ग्रॅमची गोळी पिस्तुलातून २५५ मीटरनं जायची, ती लांब नळीतून २८० पर्यंत जाते, एवढंच. उलट .३५७ मॅग्नमच्या लांब पुंगळीत सावकाश जळणारी दारू जास्त मावते. ती रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीत पुरती जळतही नाही, नळीच्या तोंडाशी भडका होऊन जातो. लांब नळीत तीच दारू कामाला येते आणि वेग ३७५ वरून साडेपाचशेच्या घरात जातो. लांब नळीचा खरा फायदा उचलणारं काडतूस या तिघांत तेच.

मग .३५७ घे म्हणून सांगू का? थांबा. मुलाला शनिवारी मजेत निशाणे साधायचे आहेत. शनिवारी दीडशे-दोनशे फैरी सहज होतात. तिकडे ९ एमएम सर्वांत स्वस्त, .४५ त्याच्या दीडपट ते पावणेदोनपट, .३५७ साधारण दुप्पट. महाग काडतूस घेतलं की माणूस मोजून मारतो, आणि मोजून मारणाऱ्याचा हात बसत नाही. भरतीची पोरं शिकवताना मी हे दर वर्षी पाहिलं. ज्याला जास्त फैरी मिळाल्या तो शिकला, ज्याला कमी मिळाल्या तो वर्षानंतरही डोळे मिटून चाप ओढत होता.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. स्वस्तातल्या ९ एमएम कार्बाइनमध्ये बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्याला, कुलूप नसतं. दाराला कडी नाही, आतून ज्वारीचं पोतं टेकवून ठेवलंय, तशी गत. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत बोल्टचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच दार बंद राहतं. म्हणून बोल्ट जड करतात, आणि तो मागे आपटला की खांद्याला काडतुसाच्या मानानं जास्त धक्का बसतो. ९ एमएमहून जाड .४० आणि .४५ ला तर पोतं आणखी जड लागतं. बोल्ट अडवून जरा उशिरा उघडणाऱ्या महागड्या कार्बाइनही मिळतात, त्या मऊ चालतात. खिशाला परवडत असेल तर पैसे कॅलिबरवर नको, त्या रचनेवर घालावेत. आमच्या कोतात, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीत, जुनी ९ एमएम कार्बाइन होती ती उघड्या बोल्टची. चाप ओढला की अख्खा बोल्ट पुढे धावायचा आणि मग बार व्हायचा. पंचवीस यार्डांवर चांगल्या पोरांचे निशाणे त्या धावण्यानं हलायचे. तिकडे नागरिकांना मिळते ती बंद बोल्टची असते, तो त्रास तिच्यात नाही.

अंतराचं म्हणाल तर पन्नास यार्डांवर साइट जुळवली की शंभर यार्डांवर ९ एमएम पाच-सहा इंच खाली लागते, अर्ध्या वितीहून जरा जास्त. .४५ पुरती वीतभर उतरते. शनिवारच्या खेळाला दोन्ही चालतील, पण नवशिक्याला ९ एमएमचा अंदाज लवकर येतो. .४० ची तर काही गरजच दिसत नाही मला, ९ एमएमपेक्षा धक्का जास्त, पैसा जास्त, कागदाला भोक तेवढंच.

आवाजाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण माझे दोन्ही कान रात्री वाजतात. आम्ही तरुणपणी कानात कापूस कोंबायचो आणि त्यातच शहाणपण मानायचो. ९ एमएमची हलकी गोळी कार्बाइनमधून आवाजाच्या वेगापुढे जाते आणि बंदुकीच्या बाराच्या आवाजाशिवाय तिचा स्वतःचा फटाका वाजतो. १४७ ग्रेनची जड गोळी बहुधा त्या वेगाच्या आत राहते, तेवढी कमी फटकारते. गंमत अशी की हवा तापली की आवाजाचा वेगही वाढतो : शून्य अंशाला ३३१ मीटर, आपल्या मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांना ३५६. उन्हाळ्यात टेक्सासही काही थंड नसतं. पण गोळी कुठलीही असो, बंद रेंजवर कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही पाहिजेतच. हात थंड पाण्यानं साबण लावून धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नये, शिशाचा धूर बोटांना चिकटलेला असतो.

आणि तरी माझं मन विचाराल तर पहिली बंदूक ९ एमएमसुद्धा नको. पहिली .२२ असावी. १८८७ पासून चालत आलेलं काडतूस, गोळी अडीच-पावणेतीन ग्रॅमची, धक्का जवळजवळ नाही, खर्च ९ एमएमच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. सहा महिने .२२ वर श्वास आणि चाप बसू द्या, मग ९ एमएम घ्या. एखादं काडतूस फुटलं नाही तर नळी निशाण्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा. नेहमीपेक्षा बारीक, दबका आवाज आला तर पुढची फैर मुळीच नाही, नळीत गोळी अडकलेली असू शकते. .३५७ ची लिव्हर हौसेची चीज आहे, मलाही ती मनापासून आवडते. १८७३ च्या विंचेस्टर या अमेरिकी लिव्हर रायफलीपासून रायफल आणि कंबरेचं रिव्हॉल्व्हर एकाच काडतुसावर चालवायची ती परंपरा. शिवाय तिच्यात .३८ स्पेशल हे कमी जोराचं मऊ काडतूसही चालतं. चार-पाच वर्षांनी हात बसल्यावर जरूर घ्यावी.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असं आहे. आपल्याकडे ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर, म्हणजे मनाई असलेलं नळीचं माप आहे, .३०३ सारखाच. साध्या शेतकऱ्याला त्याचा परवाना मिळत नाही. आणि रानडुक्कर वन्यजीव कायद्याखाली येतं, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही. हरभऱ्याचं वावर डुकरांनी एका रात्रीत नांगरून टाकलेलं मी पाहिलंय, तुमचा जीव का तुटतो ते कळतं. पण अर्ज पंचनाम्यासह वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या, बंदुकीची वाट धरू नका.

मुलगा दिवाळीला येईल तेव्हा त्याला सांगा, रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला वापरायची नाही. अस्तरात अडकलेलं एक काडतूस विमानतळावरच्या यंत्रात दिसलं की गुन्हा दाखल होतो, मग ते माहीत नव्हतं हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. रेंजची पिशवी वेगळी, गावाकडची वेगळी.

प्रश्न : मी बारावीत आहे. पॅरिसचं पदक पाहिल्यापासून मला नेमबाजी शिकायची आहे. आमच्याकडे बंदूक नाही, परवानाही नाही. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, सेलू, जि. परभणी

उत्तर : बाळा, स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला पदक घेतलं ते पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये : गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून. ती रायफल .२२ ची. तिचा परवाना निशाणेबाजीसाठी मिळायला मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सदस्यत्व लागतं, कायद्यातच तशी तरतूद आहे. पण तुला आज त्याची गरज नाही. .१७७ बोअरची, छर्र्याचा जोर वीस ज्यूलच्या आत असलेली एअर रायफल बिनपरवाना वापरता येते, आणि दहा मीटरचा ऑलिंपिक प्रकार तिच्यावरच होतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, आणि निशाण्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, बाजरीच्या दाण्याहूनही बारीक.

रायफल लगेच विकत घेऊ नकोस. आधी क्लबातल्या रायफलीवर तीन महिने काढ. दस्त्याची लांबी तुझ्या हाताला जुळते का हे तिथं कळतं, आणि ती जुळली नाही तर महागडी रायफलही खांद्यावर परकीच राहते. घरी रोज वीस मिनिटं रिकाम्या हातांनी उभं राहायचा सराव कर. पाय खांद्याएवढे फाकवून, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून, भिंतीवर पेन्सिलीनं काढलेल्या ठिपक्याकडे बघायचं. डावखुरी असशील तर उजवं कोपर. आधी तीस सेकंद हलायचं नाही, मग हळूहळू मिनिटभर. परीक्षेच्या दिवसांतही हे जमतं. पंधरा दिवसांनी किती सेकंदांना शरीर डुलायला लागतं ते वहीत लिहून मला पाठव, मग पुढचं सांगतो.