गाडीचा सल्ला: चावी द्या, पण गाडी सुरू करू नका म्हणावं

प्रश्न: आम्ही विनिपेगला राहतो. भावाचं लग्न आणि पाठोपाठ आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणून नोव्हेंबरअखेर सांगलीला जातोय. परतायला मार्चचा पहिला आठवडा उजाडेल. दहा वर्षांची कोरोला मागच्या लाकडी गॅरेजमध्ये राहील, तिथे हीटर नाही. शेजारचे सरदारजी म्हणतात, ‘चावी ठेवून जा, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सुरू करून ठेवीन.’ देऊ का चावी? आणि हँडब्रेक ओढून ठेवायचा ना?
— एक वाचक, विनिपेग, कॅनडा

उत्तर: चावी जरूर द्या. बर्फाच्या वजनाने गॅरेजचं छप्पर वाकलं तर गाडी बाहेर ढकलायला कुणीतरी हवंच. पण ती दहा मिनिटांची सेवा नको म्हणावं. मी पिंपरीत काम शिकलो आणि विनिपेगमध्येच निवृत्त झालो. मार्च-एप्रिलमध्ये वर्कशॉपच्या दारात टो होऊन येणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी अशाच प्रेमाने सांभाळलेल्या असायच्या.

हिशेब बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. इंजिन पुरतं तापलेलं असेल तर ती वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. उणे 25 मध्ये जागेवर उभ्या गाडीचं इंजिन दहा मिनिटांत पुरतं तापत नाही. मग पाणी सायलेन्सरमध्ये साठतं, गोठतं आणि पुढे तो आतून गंजतो. काही पाणी इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीचं ऑइलचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला पिवळट सायीसारखा थर दिसतो. शिवाय थंडीत स्टार्टर बॅटरीतून भरमसाट करंट ओढतो, त्यात हीटरचा पंखा आणि मागच्या काचेची तापणारी जाळी चालू. दहा मिनिटांत जेवढं खर्च झालं तेवढंही परत भरत नाही. दर आठवड्याला बॅटरी थोडी थोडी उतरतच जाते. आणि गॅरेजचं दार बंद ठेवून कुणी हे केलं तर धुराने जीव जाईल, ते वेगळंच.

चालवायचीच असेल तर शहराभोवतीच्या पेरिमीटर हायवेवर निदान अर्धा तास नीट पळवायला हवी. ते जमणार नसेल तर गाडीला हात लावायचा नाही, झोपू द्यायचं.

खरा प्रश्न आहे बॅटरीचा. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर असलं काहीबाही जागं असतं. ते 30 मिलिअँपियर खातं असं धरा. म्हणजे दिवसाला पाऊण अँपियर-तासाच्या आसपास. 60 अँपियर-तासाची बॅटरी सहा आठवड्यांत अर्धी होते, आणि तुम्ही तर तीन महिन्यांवर जाताय. पूर्ण भरलेली बॅटरी उणे 50 ला सुद्धा गोठत नाही. पूर्ण उतरलेली मात्र उणे 10 च्या आसपासच गोठते. आतलं पाणी फुगतं, खोका तडकतो. बाजू फुगलेल्या बॅटरीला कुणी जंप द्यायला, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून सुरू करायला, निघालं तर हात धरा, ती फुटू शकते.

म्हणून जायच्या आदल्या दिवशी 10 नंबरचा पाना घ्या. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, पट्टी सोडा आणि बॅटरी काढून घरात तळघरात ठेवा. पूर्ण चार्ज करून ठेवा. सिमेंटच्या जमिनीवर बॅटरी उतरते असं कुणीतरी सांगेलच. ते जुन्या काळच्या बॅटऱ्यांचं, हल्लीच्या प्लास्टिकच्या खोक्याला काही होत नाही. नुसती निगेटिव्हची वायर सोडून बॅटरी गाडीतच ठेवली तरी चालेल, थंडीत ती आपोआप फारशी उतरत नाही. पण मार्चमध्ये विमानाने दमून आल्यावर घरातली उबदार, भरलेली बॅटरी बसवली की गाडी एका झटक्यात उठते. घड्याळ आणि रेडिओचे स्टेशन पुन्हा लावावे लागतील, तेवढं सोसा.

हँडब्रेक अजिबात ओढू नका. ओल राहून गोठली की ब्रेक तिथेच चिकटतात. सपाट जागी गिअर ‘पी’ (पार्क) वर ठेवा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

टाकी काठोकाठ भरा. रिकामी जागा कमी, तेवढं आत पाणी धरणं कमी. पेट्रोल टिकवण्याचं औषध बाटलीत मिळतं, ते भरण्याआधी टाकीत ओता आणि मग दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवा, म्हणजे इंजेक्टरपर्यंत पोचेल. ऑइल जायच्या आधीच बदला, आल्यावर नव्हे. जुन्या ऑइलमध्ये आम्ल साठलेलं असतं. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त हवा भरा, कारण तापमान साडेपाच अंश उतरलं की साधारण 1 पीएसआय कमी होतो.

आता उंदीर. लोक हसतात आणि एप्रिलमध्ये रडतात. एका गाडीचा एअर फिल्टरचा डबा मी उघडला तर फिल्टर कुरतडून त्यात घरटं, घरट्यात बोनेटखालच्या अस्तराचा कापूस आणि सूर्यफुलाच्या बियांचा ढीग. बाजूच्या शेल्फवर पक्ष्यांच्या दाण्याची पिशवी होती, तिथूनच वाहिलेल्या. वायरिंग कुरतडलं होतं ते वेगळं. तेव्हा गॅरेजमधून दाणे, कुत्र्याचं खाणं, सगळं हलवा. हवा आत ओढायच्या नळीत आणि सायलेन्सरच्या तोंडात घासायच्या तारेचा गोळा कोंबा. आणि ‘तार काढ’ अशी चिठ्ठी स्टिअरिंगला चिकटवा. नाहीतर विसराल.

विम्याचं एजंटला विचारा. आपल्या मॅनिटोबा प्रांतात मूळ विमा सरकारी मॅनिटोबा पब्लिक इन्शुरन्सचाच, आणि उभ्या गाडीसाठी स्वस्तातला ‘ले-अप’ मिळतो. तो घेतला की गाडी रस्त्यावर काढायची नाही, हे सरदारजींनाही सांगून ठेवा.

परत आल्यावर गाडी सुरू करायच्या तीन-चार तास आधी ब्लॉक हीटर (इंजिनला बसवलेला विजेचा हीटर) लावा. तो इंजिन गरम करतो, बॅटरी चार्ज करत नाही. ही गल्लत फार होते. पहिल्या काही ब्रेकना खरखर येईल, तो डिस्कवरचा गंज आहे, निघून जातो.

प्रश्न: एडमंटनला शिकते. जानेवारी-फेब्रुवारीत गाडी लागणार नाही. इमारतीखालचं गरम पार्किंग महाग आहे, मैत्रिणीच्या घरासमोर उघड्यावर फुकट जागा आहे. कुठे लावू?
— एक वाचक, एडमंटन

उत्तर: फुकट जागेत. गरम पार्किंगमध्ये गाडी खालून, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने माखलेलीच नेऊन लावलीत तर उघड्यापेक्षा जास्त गंजेल, कारण कडाक्याच्या थंडीत गंज जवळपास थांबतो आणि उबेत, ओल्यात धावतो. कुठेही लावा, आधी गाडी खालून धुऊन घ्या.

उघड्यावर लावताना कुलंट तपासून घ्या. अर्धं कुलंट, अर्धं पाणी असेल तर उणे 37 पर्यंत निभावतं. जास्त सुरक्षित म्हणून नुसतं कुलंट ओतू नका, ते उणे 13 च्या आसपासच गोठतं. काच धुवायच्या पाण्याच्या टाकीतही उणे 40 पर्यंत न गोठणारं भरा. वायपर काचेवरून उचलून ठेवा आणि प्लास्टिकची ताडपत्री घालू नका, तिच्याखाली ओल कोंडते आणि वाऱ्याने घासून रंग जातो. बॅटरीचं वर सांगितलंच आहे. भाड्याचे जे पैसे वाचतील त्यातून एक बरा चार्जर घ्या आणि बॅटरी खोलीवर नेऊन भरून ठेवा.