पहिल्यांदा शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला येणाऱ्या भावासाठी

भावा, कोल्हापुरात नवीन आलायस, तर पहिली गोष्ट ऐक. इथं 'तू कुठल्या क्लबचा' असं नाही, 'कुठल्या पेठेचा' असं विचारतात. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही इथल्या संघांची नावं, बहुतेक तालमीतनं उभी राहिलेली. कुस्तीची माती आणि फुटबॉल एकाच अंगणात वाढले, म्हणून बऱ्याच संघांच्या नावात अजून 'तालीम' आहे. संघ निवडायची घाई करू नकोस. आधी चार-पाच मॅच बघ, शेंगदाण्याची पुडी घेऊन जुन्या म्हाताऱ्यांशेजारी बस. बॉल उजव्या विंगेला गेला की शेजारचा माणूस उठायच्या आधी त्याचा गुडघा हलतो, ते बघ. तिथंच तुला खेळ कळेल.

पेठेपेठेत ईर्षा कडक आहे. घोषणा दे, पण समोरच्याच्या आईबहिणीवर जाऊ नकोस. हाणामारीनं सामने थांबतात आणि नुकसान पोरांचं होतं. सांगली-मिरजेच्या पाहुण्यांपुढं मात्र सगळ्या पेठा एक होतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हा कुणी पेठ विचारली नाही. आणि हो, गडहिंग्लजला कमी लेखू नकोस, तिथंही फुटबॉल मुरलेला आहे.