डायल-अप सर्व्हर लावताय? आधी मोडेम बघा

लिनक्सवर फोन उचलणारा सर्व्हर लावायचा तर निम्मं यश मोडेम निवडण्यातच आहे. सिरियल पोर्टला जोडायचा बाहेरचा मोडेम घ्या. विनमोडेम फुकट मिळाला तरी नको. त्याचं बरंचसं काम ड्रायव्हरवर ढकललेलं असतं आणि लिनक्ससाठी तो ड्रायव्हर शोधण्यातच जीव जातो.

फोन उचलायचं काम एमगेटी या प्रोग्रॅमला द्या. मोडेमचं ऑटो-आन्सर मात्र एस-झीरो रजिस्टर (किती रिंगनंतर फोन उचलायचा ती मोडेमची सेटिंग) 0 करून बंदच ठेवा, कारण रिंग आल्याचं एमगेटी स्वतः ओळखते आणि मगच फोन उचलायची एटीए ही कमांड मोडेमला पाठवते. दोघंही फोनकडे धावले की गोंधळ. पोर्टचा वेग 115200 बीपीएस, आरटीएस-सीटीएस फ्लो कंट्रोल (डेटाचा ओघ आवरणारी सोय) चालू. मग एमगेटीच्या लॉगिन कॉन्फिगमधली ऑटोपीपीपीची ओळ सुरू करा, म्हणजे पीपीपीचा (फोन लाइनवरून नेटवर्क जोडणारा प्रोटोकॉल) कॉल थेट तो हाताळणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रॅमकडे जाईल. पासवर्ड पॅप-सीक्रेट्स फाइलमध्ये, आणि ती फक्त रूटलाच वाचता यावी.

आणि हो, 56के, म्हणजे 56 केबीपीएस वेगाची आशा सोडा! त्यासाठी सर्व्हरच्या बाजूला आयएसडीएनसारखी डिजिटल लाइन लागते. दोन्हीकडे साध्या लाइनी असल्या तर व्ही.34 या मोडेम-मानकाची कमाल 33.6 केबीपीएस. खरखरत्या लाइनवर 28.8 मिळाले तरी मी खूश असतो.