वाचकांचे प्रश्न: डावीकडे स्पष्ट, उजवीकडे धूसर

प्रश्न: मी डिचोलीचा. जुन्या १५ इंची मॉनिटरचं पॅनल, १०० वॅटचा एलईडी, २२० आणि ३३० मिमी नाभीय अंतराच्या दोन फ्रेनेल (गोल चरे असलेली पातळ, सपाट भिंगं) आणि ३२० मिमीची ट्रिपलेट (तीन काचांची) लेन्स असं सगळं प्लायच्या पेटीत बसवून प्रोजेक्टर केलाय. एप्रिलमध्ये चित्र झक्क होतं. आता चवथीला वाड्यावर जुन्या नाटकांची रेकॉर्डिंगं दाखवायची म्हणून परवा पेटी काढली तर डावी बाजू स्पष्ट आणि उजवी धूसर, उजवी जुळवली की डावी जाते, वर डाव्या कोपऱ्यात काळोख पण आहे. लेन्स हलवून हलवून दोन रात्री गेल्या. काय करू?

उत्तर: पहिलं म्हणजे लेन्सला हात लावायचं थांबवा. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही एकाच स्क्रूने दोन्ही बरी करायला जाताय. धूसरपणा येतो पॅनल आणि लेन्स एकमेकांना समांतर नसल्यामुळे, काळोख येतो एलईडीचा उजेड लेन्सच्या मधोमध पोचत नसल्यामुळे. लेन्स हलवली की दोन्ही एकदम बदलतात, मग कशाने काय झालं ते कळतच नाही.

आधी उजेड बघू, ते सोपं आहे. पॅनल काढून ठेवा, एलईडी अगदी मंद करा (पूर्ण प्रकाशात त्याच्याकडे थेट बघायचं नाही, डोळे परत मिळत नाहीत) आणि लेन्सच्या मागच्या काचेला बटर पेपर चिकटवा. त्यावर एलईडीचा पिवळसर चौकोन उमटेल, खऱ्या चिपच्या साधारण दीडपट मोठा, कारण ३३० भागिले २२०. तो चौकोन लेन्सच्या बरोबर मध्ये पाहिजे. तुमचा बहुतेक एका बाजूला सरकलेला असणार. कोपऱ्यातून येणारे किरण आधीच जरा भरकटलेले असतात, चौकोन काठाला गेला की तेच पहिले लेन्सच्या रिंगला आपटतात आणि कोपरा काळा पडतो. आता एलईडी हीटसिंकसकट (त्याला गार ठेवणाऱ्या मागच्या धातूच्या तुकड्यासकट) सरकवा, पण लक्षात ठेवा, एलईडी डावीकडे गेला की चौकोन उजवीकडे जातो आणि तोही दीडपट, म्हणजे २ मिमी सरकवलात तर चौकोन ३ मिमी हलणार. मध्ये आला की घट्ट करा आणि परत तिकडे बघू नका. एलईडी मागच्या फ्रेनेलपासून २२० मिमीवरच आहे ना तेही फूटपट्टीने मोजा आणि दोन्ही फ्रेनेलची चरे असलेली बाजू पॅनलकडेच आहे ना बघा, उलटी बसली की कडांचा उजेड हमखास बिघडतो.

आता धूसरपणा, आणि इथे जरा गणित आहे पण ते केल्याशिवाय अंदाजाने फिरवत बसलात तर चवथ येऊन जाईल. ३२० मिमीची लेन्स ३ मीटरवरच्या भिंतीवर फोकस करायला पॅनल लेन्सपासून साधारण ३५८ मिमीवर लागतं. चित्र ८.४ पट मोठं होतं, १५ इंचाचं सव्वाशे इंच. पण फोकसची जागा भिंतीजवळ पुढेमागे सरकते ती ८.४ पट नाही, ८.४ चा वर्ग, म्हणजे ७० पट! पॅनलची एक कड १ मिमीने चुकली की तिथला फोकस भिंतीपाशी ७ सेंटीमीटर हलतो. म्हणून तर डोळ्याला सरळ दिसणारी पेटी चित्र बिघडवते.

हाच ७० चा आकडा तुमच्या कामी येईल. डावी बाजू भिंतीवर स्पष्ट करा. मग उजव्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा भिंतीला टेकवून हळूहळू प्रोजेक्टरकडे आणा, जिथे अक्षरं कडक दिसतील तिथे थांबा आणि भिंतीपासूनचं अंतर मोजा. समजा १४ सेंटीमीटर आलं. भागिले ७०, २ मिमी. म्हणजे पॅनलची ती कड लेन्सपासून २ मिमी लांब आहे, तेवढी जवळ आणायची. कुठली कड? प्रोजेक्टरच्या मागे उभे राहून बघताय तर भिंतीवर उजवीकडे दिसतं ते पॅनलच्या डाव्या अर्ध्यात असतं, लेन्स सगळं उलटं करते, म्हणून डावी कड. पुठ्ठा कितीही पुढे आणला तरी स्पष्ट होत नसेल तर त्या बाजूचा फोकस भिंतीच्या पलीकडे पडतोय, मग आधी उजवी बाजू भिंतीवर जुळवा आणि पुठ्ठा डावीकडे धरा. पॅनल हलवणं अवघड असेल तर लेन्सच्या फळीखाली पत्र्याचा वॉशर घाला: ३० सेंटीमीटर रुंद पॅनलला २ मिमी म्हणजे १२ सेंटीमीटर अंतरावरच्या स्क्रूंना जेमतेम ०.८ मिमी.

आता एप्रिलमध्ये चांगलं होतं मग आता काय झालं, तर पाऊस. आपल्याकडे जून लागला की दारं चौकटीत अडकतात ना, तसंच प्लाय फुगतं आणि सगळीकडे सारखं फुगत नाही, जिथे कापलेली कड उघडी आहे तिथे जास्त. कडांना व्हार्निश नसेल तर आता मारा आणि लेन्सची फळी व पॅनलची चौकट हे दोन्ही एकाच अॅल्युमिनियमच्या अँगलवर बोल्टने बांधा, म्हणजे पेटी कशीही वाकली तरी या दोघांमधलं अंतर राहील. जुळवणी करायच्या आधी एलईडी आणि फॅन अर्धा तास चालू ठेवा, थंड पेटीत जुळवलेलं गरम झाल्यावर सरकतं. मांडवात पेटी बाकावर वाकडी ठेवून चित्र वर घेऊ नका, त्याने चित्र समलंब होतं, त्यापेक्षा पेटी सपाट राहील असा उंच स्टूल शोधा.

प्रश्न: वास्कोहून. सिंगल लेन्सचा प्रोजेक्टर आहे, मधे कडक आणि चारही कोपरे धूसर. शिवाय फ्रेनेलवर बुरशी आलीय, धुऊन अंगणात वाळत घातली तर चालेल?

उत्तर: चारही कोपरे सारखेच जात असतील तर लेन्स वाकडी बसलेली नाही, एकाच काचेची लेन्स सपाट पॅनलचं चित्र वक्र पृष्ठावर जुळवते. काळ्या कागदाची, मधे भोक असलेली रिंग लेन्सवर लावा, उजेड थोडा जाईल पण कोपरे सुधारतील. पूर्ण हवेत तर ट्रिपलेट घ्या.

फ्रेनेल कोमट साबणपाण्याने मऊ ब्रशने चरांच्या दिशेनेच धुवा, थिनर किंवा अॅसिटोन लावलंत तर अॅक्रिलिक पांढरं पडेल. आणि उन्हात अजिबात वाळत घालू नका! ऑगस्टिन फ्रेनेलने ही लेन्स दीपगृहासाठी बनवली, १८२३ साली फ्रान्समध्ये कोर्दुआंच्या दीपगृहात बसली, तिथे ती दिव्याचा उजेड समुद्रावर लांबवर फेकते. उन्हात तेच उलटं होतं, हातभर अंतरावर सगळं ऊन एका ठिपक्यात गोळा होतं आणि झावळ्या, ताडपत्री, कपडा काहीही पेट घेतं. घरात पंख्याखाली वाळवा आणि नंतर सिलिका जेल घालून काळ्या कपड्यात गुंडाळून ठेवा, खिडकीपासून लांब.