मासेमारी प्रश्नोत्तरं: रबरी बेडूक घ्यावा का गांडूळच बरं?

प्रश्न: आम्ही वडणगेकडचे. लहानपणापासनं पंचगंगेवर गळ टाकतोय, गांडूळ नायतर बारकी बेडकी लावून. आता पुतण्यानं ऑनलाइन रबरी बेडूक आणि शेपटी हलणारे सॉफ्ट मासे मागवलेत. केंदाळाच्या कडेला मरळ येते, बेडकावर झडप पण घालते, पण गळाला काय लागत नाही. हे आपल्या पाण्यात चालतं का, का परत गांडूळच बरं?

उत्तर: चालतं दादा, आणि मरळीला तर लई चांगलं चालतं. झडप येतीय म्हणजे मासा फसतोय, फक्त तुमचा हिसका लवकर जातोय. तो बेडूक एकदा हातात घेऊन नीट बघा. आतनं पोकळ असतो, आणि दोन गळ मागनं वर वळून पाठीला चिकटून बसलेले असतात, म्हणून तर केंदाळावरनं ओढला तरी अडकत नाही. आता त्याचं अंग अंगठ्यानं दाबा, रबर खाली बसतं आणि दोन्ही टोकं उघडी पडतात. मरळीच्या जबड्यात हेच व्हायला पाहिजे, म्हणजे तिनं बेडूक पक्का दाबून धरायला पाहिजे, आणि आपण काय करतो तर पाणी फुटल्याचा आवाज आला की लगेच ओढतो, मग बेडूक तोंडातनं मोकळाच बाहेर येतो. झडप आली की थांबा, दोरा ताणू द्या, वजन हाताला लागलं की मग जोरात हिसका मारा. मरळीचं तोंड कडक असतं, त्यामुळं गळाचं टोक नखावर टेकवून बघायचं, घसरलं तर कानस मारायची. आणि दोरा ब्रेडेडच (विणलेला) घ्या, साधा तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) रबरासारखा ताणतो आणि तुमचा हिसका लांबवर पोचेपर्यंत अर्धा होतो. बेडकात पाणी भरतं ते मधनं मधनं पिळून काढत चला, नायतर तो बुडाय लागतो.

टाकायचा कुठं हे पण महत्त्वाचं. मरळीला वरची हवा घ्यायला लागते, नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही, म्हणून ती थोड्या थोड्या वेळानं वर येतेच. जिथं पाणी हललं त्याच्या जरा पुढं केंदाळावर बेडूक टाका, हळू ओढत मोकळ्या पाण्याच्या कडेपर्यंत आणा, पाण्यात पडू द्या आणि तिथं गप्प ठेवा. बरीच लोकं इथंच घाई करतात, सारखं ओढत राहतात, आणि झडप येते ती बहुतेक बेडूक थांबलेला असतानाच.

एक विनंती मात्र मनापासनं करतो. पावसाळ्यात मरळीची पिल्लं लालसर घोळक्यानं वर दिसतात, पाणी उकळतंय असं वाटतं, आणि खाली नर-मादी राखण करत असतात. तिथं बेडूक टाकला तर झडप हमखास येते, पण ती भुकेची नसते, पिल्लांवर कोण आलंय म्हणून हाकलायला आलेली असते. ती मरळ काढली की घोळका बाकीचे मासे बघता बघता खाऊन टाकतात. असा घोळका दिसला की जागा सोडून पुढं जावा.

आता गांडुळाचं. गांडूळ टाकून देऊ नका, त्याची जागा वेगळी आहे. जून-जुलैत पंचगंगा तांबडी लाल होते, पाण्यात हातभर पण दिसत नाही, तेव्हा डोळ्यानं शिकार करणाऱ्या माशाला रबर दिसायचं कसं, तिथं वासाचंच काम होतं. वाम तर तळाला वासावर फिरणारी, तिला कधीही गांडूळच. गढूळ पाण्यात सॉफ्ट मासा लावायचाच असेल तर काळा नायतर पोपटी घ्या, शेपटी रुंद असलेला, म्हणजे पाण्यात हादरा जास्त बसतो आणि मासा तो अंगाच्या बाजूला असलेल्या, हादरे टिपणाऱ्या रेषेनं ओळखतो. दिवाळीनंतर पाणी निवळलं की मग साधे रंग, तीन इंची मासा, पाच-सात ग्रॅमचं जिग हेड (डोक्याला वजन असलेला गळ), तळाला टेकू द्यायचा, उचलायचा, परत टेकू द्यायचा.

आणि जिवंत बेडकी लावणं आता बंदच करा असं माझं स्पष्ट मत आहे. भाताच्या शेतातली कीड खाणारा प्राणी आहे तो. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात देशानं १९८७ मध्ये बंद केली ती बेडूक कमी व्हायला लागले म्हणूनच. रबरी बेडूक तेच काम करतो, परत परत वापरता येतो, मग जिवंत जीव गळाला टोचायचं काय कारण?

प्रश्न: रोहू, कटल्याला सॉफ्ट बेट (मऊ रबरी आमिष) चालेल का? कळंब्याकडं बरेच जण विचारतात.

उत्तर: नाही. हे मासे दुसऱ्या माशामागं पळणारे नव्हेत. कटला वरच्या थरातले बारीक जीव खातो, रोहू शेवाळ-वनस्पती, मृगळ तळाचा गाळ उपसतो. त्यांना शेंगदाण्याची पेंड, कणकेचा गोळा, तेच बरं. चिलापी मात्र इंचभर सॉफ्ट अळीला लागते, घरटं राखत असेल तर जोरात लागते.

प्रश्न: वेगवेगळे रबरी मासे एका प्लास्टिकच्या डब्यात ठेवले होते, महिन्यानं बघतोय तर डब्याचा तळ चिकट झालाय आणि मासे एकमेकांना चिकटून रंग पण मिसळलेत. माल खराब दिला काय?

उत्तर: माल खराब असेलच असं नाही. ही बेटं बहुतेक पीव्हीसीची असतात आणि मऊ राहावीत म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं, ते काही कडक प्लास्टिकला खातं. दुसऱ्या जातीच्या रबराशेजारी ठेवलं तर दोन्ही वितळतात. ज्या पाकिटात आली त्याच पाकिटात ठेवा, रंगाप्रमाणं वेगळी, आणि गाडीच्या डिकीत उन्हात सोडू नका. ही वस्तू तशी जुनी आहे, अमेरिकेत ओहायोमध्ये निक क्रीम नावाच्या माणसानं १९४९ मध्ये घरीच व्हिनाइल वितळवून गांडूळ ओतलं, तिथनं हे सुरू झालं.

फाटलेलं बेट पाण्यात टाकू नका, हे तर परत परत सांगेन. ते कुजत नाही, पाण्यात फुगतं, आणि एखाद्या माशानं गिळलं तर पोटात तसंच राहतं. खिशात एक पिशवी ठेवा, तुकडे घरी आणा. राजाराम बंधाऱ्याखाली गुटख्याची पाकिटं आणि तुटका तंगूस आधीच किती पडलाय ते सगळ्यांना दिसतंय, त्यात आपली भर नको.

प्रश्न: नदीतनं बारकी जिवंत मासळी बादलीत पकडून मित्राच्या शेततळ्यावर नेतो, आमिष म्हणून. उरलेली तिथंच सोडतो. चालतं ना?

उत्तर: नाही चालत भावा, आणि सॉफ्ट बेटाचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. बादलीत कुठली पिल्लं आलीत हे ओळखणं सोपं नसतं. चिलापी आपल्याकडं १९५२ मध्ये बाहेरनं आणली, आज ती जिथं तिथं आहे आणि तळ्यात शिरली की काढता येत नाही. आफ्रिकन मांगूर तर पाळायलाच बंदी आहे, त्याचं एखादं पिल्लू बादलीतनं गेलं तर मित्राच्या तळ्यातलं सगळं मत्स्यबीज (माशांची पिल्लं) खाऊन टाकेल. शिवाय एका पाण्याचा रोग दुसऱ्या पाण्यात जातो तो वेगळाच. उरलेली मासळी जिथं पकडली तिथंच सोडा, आणि शेततळ्यावर जाताना रबरी मासे घेऊन जावा. धरणावर किंवा तलावावर बसणार असाल तर आधी चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सोसायटीचा ठेका असतो, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही.