रबराची पट्टी आणि शाखेचा प्रश्न

नमस्कार ताई,

तुमच्या मुलीने रबराच्या इवल्याशा पट्टीचा व्हिडिओ पाहिला. ना बॅटरी, ना वायर, तरी ती चालते, लोळते, उडी मारते. तेव्हापासून 'मला हेच करायचंय' म्हणून ती हटून बसली आहे, घरातले म्हणतात कॉम्प्युटर घे, आणि तुम्ही विचारता, चुंबकाने चालणाऱ्या अशा इवल्या, मऊ रोबॉटच्या विषयाची शाखा कोणती?

या नावाची पदवी शोधत बसू नका. या कामात माणसं मेकॅनिकल, मटेरियल सायन्स, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इलेक्ट्रिकल अशा सगळ्या वाटांनी येतात. तिची वाट कोणती, हे पट्टी बनते कशी ते पाहिलं की बरंचसं उमगेल.

तिने पाहिलेली पट्टी बहुधा जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक या संशोधन संस्थेतली, 2018 सालची असावी. लांबी जेमतेम 3.7 मिलिमीटर. मऊ सिलिकोन रबरात निओडिमियम या ताकदवान चुंबकाची पूड मिसळायची, कण सुमारे 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पातळ थर पसरायचा, घट्ट झाला की पट्टी कापायची. गंमत यापुढे आहे. ती पट्टी काचेच्या बारीक कांडीभोवती गुंडाळून तीव्र चुंबकीय क्षेत्रात धरतात. गुंडाळलेली असताना सगळे कण एकाच दिशेने चुंबकित होतात, पण पट्टी उलगडली की ती दिशा या टोकापासून त्या टोकापर्यंत वळत गेलेली दिसते. मग बाहेरून साधं, सगळीकडे सारखं क्षेत्र लावलं तरी पट्टीचा एकेक भाग वेगळीकडे वळू पाहतो आणि पट्टी कमान टाकते. क्षेत्र फिरवत राहा, ती चालू लागते. चालायचं कसं हे रबरातच लिहून ठेवलेलं असतं म्हणा ना.

त्याच वर्षी अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात ही पूड सिलिकोनच्या शाईत घालून थ्रीडी प्रिंटरने छापली गेली. प्रिंटरच्या तोंडाशीच चुंबकीय क्षेत्र, त्यामुळे शाई बाहेर पडतानाच कण रांगेत लागतात.

याहून बारीक काम प्रकाशाने करतात: द्रव राळेवर अतिनील किरण टाकायचे, जिथे पडतील तिथे ती घट्ट होते. पण चुंबकाची पूड काळी, ती प्रकाश अडवते. वर ती तळाला बसते, गुठळ्या धरते, मिश्रणात बुडबुडे राहतात ते वेगळंच. व्हिडिओत यातलं काही दिसत नाही, प्रयोगशाळेत मात्र दिवस यातच जातो.

आणि आकार लहान झाला की पाणीही मधासारखं वागतं. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी 1977 मध्ये दाखवलं की त्या जगात शिंपल्यासारखी नुसती उघडझाप करणारा जीव पुढे सरकतच नाही, कारण उघडताना जेवढा पुढे गेला तेवढाच मिटताना मागे येतो. म्हणून कुणी मळसूत्राच्या आकाराचे पोहणारे रोबॉट बनवतं, कुणी पट्टीत लाट उठवतं. हे ऐकून तिचे डोळे चमकले तर भौतिकशास्त्र किंवा मेकॅनिकल. मिश्रण जमवण्यात रमली तर मटेरियल सायन्स किंवा रसायनशास्त्र. क्षेत्र निर्माण करणारी कॉइल आणि तिचं नियंत्रण भावलं तर इलेक्ट्रिकल. घरातलेही अगदीच चुकत नाहीत: पट्टी कशी वाकेल याचं गणित कॉम्प्युटरवरच होतं. फक्त तेवढ्यावर भागत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. अशा पट्ट्यांनी शरीरात औषध पोचवणं, अशाच चुंबकीय रबराची तार रक्तवाहिनीत वळवत नेणं, हे सगळं अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत आहे. संशोधन करायचं तर पीएचडीपर्यंतची तयारी हवी. मध्येच मन बदललं तरी सिलिकोन, थ्रीडी प्रिंटिंग आणि सूक्ष्मरचनांचं कौशल्य वैद्यकीय उपकरणं आणि सेन्सर बनवणाऱ्यांकडे उपयोगी पडतं.

फॉर्म भरण्याआधी तिला एक काम द्या. साच्यासाठी वापरतात ते दोन भागांचं सिलिकोन रबर आणि लोखंडाची पूड आणून एक पातळ पट्टी बनवू दे. निओडिमियमची पूड मात्र घरी नको, बारीक पूड पेट घेऊ शकते. लोखंडाची पट्टी चुंबकाकडे ओढली जाईल, पण स्वतः चुंबक होऊन राहणार नाही. फ्रिजच्या दाराच्या रबरातली चुंबकपट्टी तशी राहते. हा फरक का, ते तिलाच शोधू दे.

पहिल्या पट्टीत बुडबुडे असतील, दुसरीत पूड एका बाजूला बसेल. तिसरी बनवायला ती स्वतःहून उठते का, तेवढं मला कळवा.