वही आधी, मत नंतर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. सहा-सात जण जमला आहात, पगार कुणालाच नाही, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बसून लॅपटॉप, माहिती साठवायची एसएसडी ड्राइव्ह, राउटर, सॉफ्टवेअर असं सगळं तपासायचं आणि घेणाऱ्याला खरं काय ते सांगायचं, असा बेत दिसतो. सुरुवातीला कोणती उपकरणं घ्यावीत, असं शेवटी विचारलंयस. एक वही घे. चेष्टा करत नाही.

पगार नसलेल्या कामात माणसं टिकत नाहीत. कुणाची परीक्षा येते, कुणाला नोकरी लागते, कुणाच्या घरी बाळ येतं. मागच्या वर्षी बॅटरी तपासणारा आज नसतो, आणि त्यानं स्क्रीनचा उजेड किती ठेवला होता हे मागे राहिलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. मग त्याच्या लॅपटॉपची बॅटरी सात तास चालली आणि तुमच्या नव्याची नऊ, या दोन आकड्यांचं करायचं काय? उजेड मोजून किती निट्स (उजेडाचं माप), वाय-फाय चालू की बंद, कोणता व्हिडिओ, ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती, ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर), फर्मवेअर (उपकरणाच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर), खोलीचं तापमान, सगळं लिहा. गटातल्या सगळ्यात नव्या मुलाला किंवा मुलीला ते वाचून तीच चाचणी करता आली पाहिजे आणि आकडा जवळपास तोच यायला हवा. प्रत्येक चाचणी निदान तीनदा करा. मधला आकडा धरा, पण छापा तिन्ही.

हे मी ठेच लागून शिकलो. आमच्या गटाच्या दुसऱ्याच वर्षी एका लॅपटॉपवर मी सडकून लिहिलं. नाव मोठं लक्षण खोटं, वगैरे. भाषा झकास जमली होती, त्यामुळे स्वतःचंच जरा जास्त आवडलं. तीन आठवड्यांनी एका वाचकानं साधा प्रश्न विचारला: चाचणीच्या वेळी चार्जर कोणता होता? यंत्राबरोबर आलेला चार्जर दुसऱ्याच कुणाच्या बॅगेत गेला होता आणि मी माझा, निम्म्या वॉटचा, टाइप-सी चार्जर लावून बसलो होतो. वीज पुरेना म्हणून यंत्रानं आपणहून वेग उतरवला होता. वहीत चार्जरचा रकानाच नव्हता. पुन्हा तपासलं तर यंत्र चांगलं निघालं. जुना मजकूर आम्ही पुसला नाही. वर ठळक अक्षरांत चूक कबूल केली आणि खाली ते उचलली जीभ लावली टाळ्याला छापाचं लिखाण तसंच ठेवलं. त्या तीन आठवड्यांत किती जणांनी माझ्या शब्दावर ते यंत्र नाकारलं असेल, हे अधूनमधून आठवतं.

याउलट एक माणूस बघ. १९९४ च्या जूनमध्ये थॉमस नाइसली नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाला जुळ्या (३ आणि ५ सारख्या, दोनच्या फरकाच्या) मूळ संख्यांच्या गणितात विसंगती दिसली. यंत्रात इंटेलचा नवा पेंटियम प्रोसेसर होता. त्यानं लगेच बोट दाखवलं नाही. आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला, मग कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर), मग बाकीचं यंत्र, आणि ऑक्टोबरात खात्री पटल्यावरच दोष प्रोसेसरच्या भागाकारात आहे असं कळवलं. पुढे ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागायचं उदाहरण जगभर फिरलं: उत्तर १.३३३८२ च्या आसपास यायला हवं, पेंटियम १.३३३७४ देत होता. कुणीही घरच्या यंत्रावर करून बघावं इतकं ते सोपं होतं. इंटेलनं आधी दोष किरकोळ ठरवला, पण डिसेंबरात मागेल त्याला प्रोसेसर बदलून द्यायचं कबूल केलं आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. प्राध्यापकाकडे ना प्रयोगशाळा होती ना वकील.

आता विषय. तुझ्या यादीत सतरा प्रकारच्या वस्तू आहेत. दोन ठेव. एकच ठेवलास तर आणखी बरं. बेन्सन लेउंग या गूगलच्या अभियंत्यानं २०१५ मध्ये स्वतःच्या खिशातून यूएसबी-सी केबली विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. फक्त केबली. जुन्या यूएसबी-ए टोकाच्या केबलीत एक रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा भाग) ५६ किलोओहमचा असावा असा नियम आहे. कित्येक केबलींत तो १० किलोओहमचा निघाला. तसं असलं की फोनला वाटतं समोरून ३ अँपिअर मिळणार, तो तेवढे ओढू पाहतो, आणि पलीकडच्या बिचाऱ्या पोर्टची तेवढी ऐपत नसते. २०१६ च्या सुरुवातीला एका केबलीत तर मुख्य ताराच उलटसुलट जोडलेल्या होत्या. ती लावताक्षणी त्याचा लॅपटॉप आणि तपासणीची उपकरणं गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये ॲमेझॉननं नियमात न बसणाऱ्या यूएसबी-सी केबलींना आपल्या दुकानात मनाई केली. एक माणूस, एक वस्तू, ओहममधला एक आकडा. त्याच्याशी वाद घालायला जागाच नव्हती, कारण मीटर ज्याच्याकडे आहे त्याला ते स्वतः मोजता येत होतं.

हार्डवेअरमध्ये फसगत कुठे होते ते सांगतो. लॅपटॉपचा प्रोसेसर पहिल्या मिनिटभरात जादा वीज ओढून पळतो, मग तापतो आणि बसतो. दोन मिनिटांची चाचणी म्हणजे फक्त त्या पळण्याचं कौतुक. अर्धा तास दमव. एसएसडीचंही तसंच. थोडा भाग जलद कॅश, म्हणजे तात्पुरती साठवण, म्हणून वापरलेला असतो, तो भरेपर्यंत ड्राइव्ह वाऱ्यासारखी पळते. निम्मी भरेपर्यंत सलग लिहीत राहा, काही क्यूएलसी ड्राइव्ह (एकाच कप्प्यात चार बिट साठवणाऱ्या) तिथे साध्या हार्ड डिस्कच्या पातळीला येतात. आणि आतली चिप कोणती, ती हाताळणारा कंट्रोलर कोणता, हेही नोंदव. नाव तेच ठेवून आतला माल बदलल्याचं एसएसडीच्या बाबतीत अनेकदा उघड झालंय. तुम्ही तपासलेली आणि वाचकाच्या हातात पडलेली वस्तू एकच आहे हे गृहीत धरू नका.

तयार बेंचमार्कवर, म्हणजे वेग मोजायच्या आयत्या चाचण्यांवर, तर मुळीच विसंबू नका. २००१ मध्ये एटीआय कंपनीचं रॅडिऑन ८५०० हे ग्राफिक्स कार्ड क्वेक ३ या खेळात फारच जोरात धावत होतं. परीक्षकांनी खेळाच्या फाइलीत जिथे जिथे ‘क्वेक’ होतं तिथे ‘क्वॅक’ केलं. वेग घसरला आणि चित्रं मात्र सुधारली! ड्रायव्हर नाव बघून चित्राचा दर्जा उतरवत होता. (बदकाच्या आवाजानं चोर पकडला, असं आम्ही तेव्हा म्हणायचो.) म्हणून चाचणीचं साहित्य आपलं असू दे: आपले फोटो, आपली भलीमोठी स्प्रेडशीट, आपला कोड. पद्धत उघडी ठेवा, पण फाइलींचा संच अधूनमधून बदला. बदलताना एखाद्या जुन्या यंत्रावर दोन्ही संच चालवून घ्या, नाहीतर जुने आकडे सगळे वाया.

सॉफ्टवेअरबद्दल थोडंच. वैशिष्ट्यांची यादी कंपनीनं छापलेलीच असते, ती पुन्हा लिहू नका. त्यात भरलेली माहिती बाहेर काढता येते का, काढून टाकल्यावर मागे काय उरतं, माउसला हात न लावता काम होतं का, ते बघा. बॅकअपचं सॉफ्टवेअर असेल तर बॅकअप घेऊन थांबू नका, दुसऱ्या कोऱ्या यंत्रावर तो परत आणून दाखवा. एनव्हीडीए हा स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मोफत आहे, पण डोळे मिटून तो वापरल्याचं नाटक करण्यापेक्षा तो रोज वापरणारा एक अंध सहकारी गटात घ्या. परवान्याच्या अटीही वाचा. काही डेटाबेस कंपन्या वेगाचे आकडे त्यांच्या परवानगीशिवाय छापायला मनाई करतात. १९८३ मध्ये डेव्हिड डेविट या प्राध्यापकानं डेटाबेसांच्या वेगाची तुलना केली, त्यातून हे कलम आलं, म्हणून लोक त्याला ‘डेविट क्लॉज’ म्हणतात. सुरक्षेचं भोक सापडलं तर आधी बनवणाऱ्याला गुपचूप कळवा आणि मुदत द्या. ९० दिवसांची मुदत बरीच रूढ आहे.

पैशाचं तू पत्राच्या अगदी तळाशी, संकोचानं लिहिलंयस: एका कंपनीनं सॅम्पल देऊ केलंय, ठेवून घ्यायलाही हरकत नाही म्हणते. आवळा देऊन कोहळा काढतात ते असंच. लबाड असतातच असं नाही, पण खाल्ल्या मिठाला जागायची आपल्याला खोड असते, आणि ती वाक्याच्या एखाद्या विशेषणात गुपचूप उतरते. शिवाय पाठवलेला नग निवडून पाठवलेला असू शकतो. अमेरिकेत कन्झ्यूमर्स युनियन ही ग्राहकांसाठी वस्तू तपासणारी संस्था १९३६ मध्ये सुरू झाली ती वस्तू दुकानातून विकत घेऊन आणि जाहिराती न घेता. तुम्हाला सगळं विकत घेणं परवडणार नाही. मग वापरणाऱ्यांकडून आठवड्यासाठी उसनं घ्या. उसन्या वस्तूची एक मजा असते, ती वर्षभर वापरलेली असते, आणि बिजागरी कधी ढिली झाली हे मालक न विचारता सांगतो. कंपनीचं घेतलंतच तर परत करा आणि पहिल्या ओळीत तसं लिहा. छापण्याआधी मजकूर दाखवा म्हणाले तर नाही म्हणा. आकडे पाठवून ‘तुमच्याकडे वेगळे येतात का’ एवढं जरूर विचारा. माझा चार्जर तिथेच सापडला असता.

आणि ते तारे काढून टाक. पाचपैकी साडेचार. तो अर्धा तारा कशानं मोजतात हे मला आजवर कळलेलं नाही.

गटात एक काम कुणालाच नको असतं, ते आत्ताच कुणाच्या तरी गळ्यात घाल: जुनी परीक्षणं पुन्हा तपासणं. नवी वस्तू उघडायला सगळे धावतात. सहा महिन्यांपूर्वीच्या राउटरला नवं फर्मवेअर आलं, त्यानं तो सुधारला की बिघडला, हे बघायला कुणी थांबत नाही. पाळीपाळीनं करा. ज्यानं पहिल्यांदा तपासलं त्यानं दुसऱ्यांदा तपासू नये, म्हणजे वहीत काय लिहायचं राहिलं तेही कळेल.

पहिलं परीक्षण तयार झालं की निष्कर्ष मला पाठवू नकोस, आकडेही नकोत. फक्त चाचणीची पानं पाठव. तुम्ही घेतलेलीच ड्राइव्ह मीही इथे विकत घेतो आणि पानं वाचून चाचणी करतो. मग दोघांनी आपापले आकडे एकाच दिवशी एकमेकांना कळवायचे.

तुझा,
काका

ता.क. वहीत चार्जरचा रकाना घाल.